‘आयुर्वेदिक आहे, काय बिघडतं?’ पोथीतला आयुर्वेद आणि बाटलीतला

“डॉक्टर, त्या साखरन्या गोया बंद करी टाक्यात मी.”

जिभाऊ हे सांगताना चांगलेच खुशीत होते. पिशवीतून एक बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. लेबलवर वेली, पानं आणि दाढीवाल्या ऋषींचं चित्र. खाली ठळक अक्षरात: ‘मधुमेह मुळासकट बरा. १०० टक्के आयुर्वेदिक. साइड इफेक्ट नाही.’ दोन महिने सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे चालू होतं. उपाशीपोटीची साखर तपासली तर २८६ निघाली.

“आयुर्वेदिक शे ना, काय बिघडस त्याम्हा?” असं ते वर मलाच विचारत होते.

मी शिरपूर तालुक्यात दवाखाना चालवतो. शिक्षण बीएएमएस, म्हणजे चरक-सुश्रुत हा माझा अभ्यासक्रमच होता. मी बाटली बाजूला सारली आणि जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या, तेव्हा जिभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मंग तुम्ही कसाना आयुर्वेदना डॉक्टर?”

प्रश्न रास्त आहे. दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात लेबलवरच्या शेवटच्या ओळीपासून करू. चरकसंहितेच्या अगदी पहिल्या अध्यायात एक श्लोक आहे: ‘यथा विषं यथा शस्त्रं यथाग्निरशनिर्यथा । तथौषधमविज्ञातं विज्ञातममृतं यथा ॥’ नीट न ओळखलेलं औषध विषासारखं, शस्त्रासारखं, आगीसारखं, विजेसारखं. ओळखलेलं असेल तर अमृतासारखं. थोडं पुढे चरक आणखी स्पष्ट बोलतो. जहाल विषसुद्धा युक्तीने वापरलं तर उत्तम औषध होतं आणि औषध चुकीचं वापरलं तर तेच जहाल विष होतं. ‘साइड इफेक्ट नाही’ ही ओळ कुठल्याही संहितेत नाही. ती छापखान्यातली आहे. खरं सांगायचं तर प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही रुग्णांना ती ऐकवत असे, कारण ऐकणाऱ्याला बरं वाटायचं.

पोथ्यांची ओळख थोडक्यात. चरकसंहिता मुख्यतः पोटातून द्यायच्या औषधांची आणि पथ्याची, सुश्रुतसंहितेचं बळ शस्त्रक्रियेत, आणि वाग्भटाचं अष्टांगहृदय म्हणजे दोन्हींचं सुटसुटीत सार. तिघांना मिळून बृहत्त्रयी म्हणतात. चरकसंहितेचे १२० अध्याय एका हातचे नाहीत. मूळ ग्रंथ अग्निवेशाचा, चरकाने त्यावर संस्कार केले, आणि त्यातला गहाळ भाग पुढे दृढबलाने भरून काढला. म्हणजे ‘ऋषींनी सांगितलं, विषय संपला’ असं त्या ग्रंथाच्या जन्मातच नाही.

आता वात, पित्त, कफ. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. लोकांना वाटतं वात म्हणजे गॅस, पित्त म्हणजे ॲसिडिटी, कफ म्हणजे छातीतला बेडका. तसं नाही. केळीचा बाग डोळ्यासमोर आणा. मोटार चालते, पाणी ठिबकच्या नळीतून फिरतं, वारा पानं हलवतो: ही गती. उन्हाने झाडात अन्न तयार होतं, घड पिकतो: हे पचन, रूपांतर. काळी माती ओल धरते, खोड उभं ठेवते: ही धारणा. शरीरातल्या गतीच्या कामांना जुन्या वैद्यांनी वात म्हटलं, रूपांतराच्या कामांना पित्त आणि धरून ठेवण्याच्या कामांना कफ. बाग बिघडली की शेतकरी हेच तीन प्रश्न विचारतो: पाणी पोचतंय का, ऊन जास्त झालं का, ओल साचून राहिली का.

उपचाराचं सूत्रही साधं आहे. सारख्याने सारखं वाढतं, उलट गुणाने कमी होतं. वाताचे गुण सांगितलेत रूक्ष, हलका, थंड, खरखरीत, चंचल. आपल्याकडे डिसेंबरात कोरडं, बोचरं वारं सुटतं, टाचा फुटतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात. त्यावर तेल, तीळ, बाजरीची गरम भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. आपल्या आज्यांनी चरक वाचला नव्हता, पण स्वयंपाकघरात हे सूत्र चालू होतं.

मात्र एक गोष्ट सरळ सांगायला हवी. वात-पित्त-कफ लॅबच्या रिपोर्टात दिसत नाहीत. रक्ताच्या थेंबात ‘कफ अमुक टक्के’ असं मोजता येत नाही. हा शरीराकडे बघायचा एक नकाशा आहे. नकाशा रस्ता दाखवायला कामी येतो, पण रस्त्यावर नवा खड्डा पडला तर तो जुन्या नकाशात नसतो. जंतू, जनुकं, हार्मोन यांचा शोध सूक्ष्मदर्शक आणि रसायनशाळेच्या नंतरचा. ते चरकाच्या नकाशात शोधायचे आणि सापडले नाहीत की ओढूनताणून बसवायचे, हा उद्योग आमच्याच क्षेत्रातले काही लोक हौसेने करतात. त्याने चरकाचा मान वाढत नाही.

सुश्रुताचा एक विचार मात्र मला आजही थक्क करतो. रोग एका दिवसात होत नाही, त्याच्या सहा पायऱ्या असतात: संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद. दोष आधी आपल्या जागी साठतो, मग खवळतो, मग पसरतो, कुठेतरी कमकुवत जागा बघून ठाण मांडतो, तेव्हा कुठे रोग लक्षणांनी दिसू लागतो, आणि शेवटी गुंतागुंत होते. पसरण्याला सुश्रुत उपमा देतो ती साठलेल्या पाण्याची: पाणी वाढत वाढत जातं, बांध फोडतं आणि दुसऱ्या पाण्यात मिसळून सगळीकडे धावतं. तापीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हाच काठावरची गावं गुरं सोडवतात, पाणी ओट्यावर चढायची वाट बघत नाहीत. रोगाला सुरुवातीच्याच पायरीवर गाठावं असं सुश्रुत म्हणतो. आज आपण ‘प्री-डायबेटिस’ म्हणतो, रक्तदाब वाढायच्या आधी मीठ कमी करायला सांगतो, तो विचार याच जातीचा. फरक एवढाच, की साठलेलं पाणी मोजायला आता आपल्याकडे पट्टी आहे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ म्हणजे धरण भरत आलंय.

आता जिभाऊंच्या रोगाकडे येऊ, कारण तिथे पोथी आणि बाटली समोरासमोर उभ्या राहतात.

मधुमेह हा आयुर्वेदात प्रमेहाचा एक प्रकार. प्रमेह एकूण २०: कफाचे १०, पित्ताचे ६, वाताचे ४. कारणं देताना चरकाने जो श्लोक लिहिलाय तो वाचून मला दर वेळी आपल्या बाजारपेठेतला गादीवर बसलेला सुखवस्तू माणूस आठवतो: ‘आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि…’ सुखाने बसून राहणं, सुखाने झोपणं, दही, मांसरस, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. थोडक्यात, हालचाल कमी आणि गोड-जड जास्त.

यात सुश्रुताने एक भेद केला, तो फार महत्त्वाचा. प्रमेही दोन तऱ्हेचे, जन्मजात आणि अपथ्याने झालेले. पहिला बहुधा कृश, दुसरा बहुधा स्थूल. चरकही उपचारासाठी रोग्यांचे स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन गट करतो. आजच्या टाइप वन (बहुधा लहान वयात सुरू होणारा, इन्सुलिनवाचून न भागणारा) आणि टाइप टूशी (बहुधा मोठेपणी, राहणीशी जोडलेला) हे तंतोतंत जुळतं असं मी म्हणणार नाही, पण त्या काळात, फक्त डोळ्यांनी बघून आणि लघवीला मुंग्या लागतात हे टिपून, एकाच नावाच्या रोगाचे दोन वेगळे रोगी ओळखणं ही साधी गोष्ट नाही.

उपचार तर आणखी भारी. ज्याला धन नाही, भाऊबंद नाहीत त्याने शंभर योजनं चालावं, भिक्षा मागून खावं, एका गावात एकच रात्र राहावं. कुणी सतत शेत नांगरावं, कुणी विहीर खणावी. आणि यादीच्या शेवटी तीन-चार शब्द: ‘कृशं तु सततं रक्षेत्’. वाळलेल्या रोग्याला मात्र सतत जपावं. त्याला विहीर खणायला लावू नका, उपास घालू नका. इन्सुलिन १९२१ साली सापडलं. त्याआधी टाइप वनच्या मुलांना डॉक्टर जवळपास उपाशी ठेवत, कारण दुसरा इलाजच नव्हता. त्या पार्श्वभूमीवर ते शब्द वाचा.

चालण्याचं आणि खणण्याचं आज काय? अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००२) मधुमेहाच्या काठावरच्या, पण आहार-व्यायाम सुधारलेल्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये तसाच अभ्यास छापला. तिथे नुसत्या राहणीतल्या बदलाने घट २८.५ टक्के. सुश्रुताची विहीर आकड्यांत उतरली ती अशी.

पण त्याच उताऱ्यात सुश्रुत आणखी एक सांगतो: पायात जोडा नको, डोक्यावर छत्री नको. हे आज मी कुणालाही सांगणार नाही. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि बोटं कापायची वेळ येते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. काळ्या रानात अनवाणी चालणारा मधुमेही संध्याकाळी तळपाय भाजून घेऊन येतो आणि त्याला ते घरच्यांनी दाखवल्यावर समजतं. एकाच उताऱ्यातली एक ओळ उचलायची आणि दुसरी सोडायची. ग्रंथ वापरायचा तो असा.

आता ‘मुळासकट बरा’. चरक म्हणतो कफाचे दहा प्रमेह साध्य, पित्ताचे सहा याप्य, वाताचे चार असाध्य. आणि मधुमेह त्या शेवटच्या चारांत आहे. म्हणजे ज्या चरकाचं चित्र लेबलवर (बहुधा) छापलंय, त्यानेच या रोगासमोर हात जोडलेत. मधुमेह बरा करण्याची जाहिरात कायद्यानेही करता येत नाही. १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे. बाटली तरीही बाजारात फिरते.

‘याप्य’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण आजच्या निम्म्या दवाखान्याचं काम त्या एका शब्दात आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड. याप्य म्हणजे उपचार चालू आहे तोवर आटोक्यात, उपचार सोडला की पुन्हा उसळणारा. सुश्रुत म्हणतो, पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा घर धरून ठेवतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रोग्याला धरून ठेवते. जिभाऊंचं जुनं घर धाब्याचं आहे. मी त्यांना विचारलं, पावसाळ्यात आढ्याखालचा टेकू, घर छान उभं आहे म्हणून कधी काढलाय का? ते हसले. “त्या गोया म्हंजे टेकू शेतस का मंग?” होय, जिभाऊ. घर उभं आहे ते टेकूमुळे.

(जाता जाता: ज्या मेटफॉर्मिनला ते ‘इंग्रजी गोळी’ म्हणतात तिचा वंशही एका वनस्पतीपर्यंत जातो. युरोपातली गॅलेगा नावाची ती रानवनस्पती तिथले जुने वैद्य वापरत. झाडपाला विरुद्ध गोळी हे भांडण वाटतं तेवढं सोपं नाही.)

शस्त्रक्रियेकडे वळतो. सुश्रुताने १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली, हे भाषणांत हमखास येतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो सरावाचा अध्याय. शिष्याने सगळं शास्त्र पाठ केलं तरी हाताने केल्याशिवाय तो कामाचा नाही, असं बजावून सुश्रुत यादी देतो: छेद घ्यायला कोहळा, दुधी, काकडी, फोडायला पाण्याने भरलेली कातडी पिशवी, शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ, टाके घालायला जाड कापड आणि मऊ चामडं, पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. आजच्या मेडिकल कॉलेजात सिलिकॉनच्या पुतळ्यावर मुलं हात बसवतात ते हेच. २०२० मध्ये केंद्राने आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा स्पष्ट केली तेव्हा मोठा गदारोळ झाला, दोन्ही बाजूंनी डिग्रीवरून भांडणं झाली. सुश्रुत असता तर त्याने डिग्री विचारली नसती. कितींदा केलंय आणि कुणासमोर केलंय, एवढंच विचारलं असतं. माझं मत त्याच्या बाजूचं आहे, आणि म्हणूनच मी स्वतः सुरी हातात धरत नाही.

नाकाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट तर आपल्या पुण्याची. टिपूच्या सैन्याने इंग्रजांच्या एका बैलगाडीवाल्याचं, कावसजीचं नाक कापलं होतं. कपाळावरची कातडी खाली वळवून एका कारागिराने ते नवं बनवलं, आणि त्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने सराव केला आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया करून दाखवली. सुश्रुताच्या पोथीत कातडी गालाची आहे, पुण्यात कपाळाची. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी अडाणी म्हटला जाणारा हात ही विद्या सुधारत होता.

पण पोथीतली एखादी गोष्ट आजच्या कसोटीवर घासून कशी उतरते याचं माझं आवडतं उदाहरण क्षारसूत्राचं. भगंदर म्हणजे गुदद्वाराशेजारी पडलेलं आत-बाहेर तोंड असलेलं नळीसारखं छिद्र. त्यातून पू येतो, बसायची चोरी होते, आणि लाजेपायी माणूस महिनोन्‌महिने कुणाला बोलत नाही. ऑपरेशन केलं तरी ते पुन्हा उद्भवतं अशी त्याची ख्याती. सुश्रुताने अशा नाडीव्रणात क्षार लावलेला दोरा ओवायला सांगितला. बनारस हिंदू विद्यापीठात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या दोऱ्याची कृती प्रमाणित झाली: दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून २१ थर, एकेक वाळवत. आघाडा म्हणजे आपण हरितालिकेला पत्रीत आणतो तोच. दोरा छिद्रातून ओवून बांधतात, दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू मार्ग कापत जातो आणि मागून जखम भरत येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत याची चाचणी घेतली. रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, एकाला दोरा, दुसऱ्याला नेहमीची शस्त्रक्रिया. निकाल १९९१ मध्ये छापला. दोऱ्याने जखम भरायला सुमारे ८ आठवडे लागले, ऑपरेशनने ४. म्हणजे दोरा हळू. पण वर्षभरात भगंदर परत आलं ते दोऱ्याच्या गटात ४ टक्क्यांत, ऑपरेशनच्या गटात ११ टक्क्यांत. आयुर्वेदाची शान, परंपरेचा विजय, असल्या शब्दांची इथे गरजच पडत नाही. आकडे बोलतात, तोटासुद्धा लपवत नाहीत. भगंदराचा रुग्ण आला की मी त्याला हे दोन्ही आकडे सांगतो आणि क्षारसूत्राचा हात बसलेल्या तज्ज्ञाकडे पाठवतो. रस्त्यावर ‘मूळव्याध-भगंदर, बिना ऑपरेशन’ अशा पाट्या लावून बसतात त्यांच्याकडे नव्हे. तिथे दोऱ्याला काय लावलंय ते त्यांनाही ठाऊक नसतं.

दर वेळी निकाल असाच गोड लागतो असं नाही. गुग्गुळ घ्या. मेदोरोगावरचा (अंगात चरबी वाढण्याच्या विकारावरचा) सुश्रुताचा उतारा वाचून बनारसच्याच डॉ. सत्यवतींनी १९६६ मध्ये सशांवर प्रयोग केला आणि गुग्गुळाने कोलेस्टेरॉल घटतं असं दाखवलं. पोथीतल्या वर्णनातून आधुनिक प्रश्न काढणं, हा विचारच अस्सल. पुढे भारतात त्याचं औषधही निघालं. मग २००३ मध्ये अमेरिकेत १०३ लोकांवर काटेकोर चाचणी झाली आणि तिथे आठ आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलंच, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. यावर आमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं: ‘त्यांनी प्रकृती बघितली नाही, सगळ्यांना एकच गोळी दिली.’ त्यात तथ्य आहे, चरक सगळ्यांना एकच गोळी देतच नाही. पण हे उत्तर पळवाट म्हणून वापरायचं नसेल तर प्रकृती बघून औषध दिलेली चाचणी करून दाखवावी लागते. आणि ती करता येते. २०११ मध्ये कोईम्बतूरला ४३ संधिवाताच्या रुग्णांवर केलेली छोटी चाचणी छापली गेली. वैद्य प्रत्येकाला हवं ते वेगळं औषध देत होते, दुसऱ्या गटाला मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं आधुनिक औषध, आणि दिसायला सारखी खोटी औषधं वापरून कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही कळू दिलं नव्हतं आणि डॉक्टरलाही. फरक फारसा दिसला नाही, म्हणजे आयुर्वेद मागे पडला नाही. ४३ हा आकडा लहान आहे, त्यावर उड्या मारू नयेत. पण वाट कुठून जाते ते कळलं.

सर्पगंधा या वनस्पतीची गोष्ट याच्या उलट टोकाची. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला, आणि जग खडबडून जागं झालं. १९५२ मध्ये स्विस कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. काही वर्षं ते रक्तदाबाचं बिनीचं औषध होतं. मग रुग्ण उदास होतात अशा तक्रारी आल्या, अधिक सोयीची औषधं निघाली आणि ते मागे पडलं. ‘विज्ञातम्’ म्हणजे हेच सगळं: काम करतं हे कळणं, आणि कुठे नडतं हेही कळणं.

आणि पोथी कधी मिटून ठेवायची? दोन प्रसंग सांगतो, दोन्ही आपल्या भागातले.

कापूस वेचताना साप चावतो. सुश्रुताने दंशाच्या चार बोटं वर घट्ट बंध बांधायला सांगितलं आहे. तो काळ वेगळा, हातात दुसरं काही नव्हतं. आज असा आवळून बांधलेला बंध म्हणजे पाय गमावण्याची तयारी. कापू नका, चोखू नका, मंत्र-तोडगा नको. पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस तिथे मिळते. देशात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

दुसरा सिकल सेलचा. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि सांधे-हाडं असह्य दुखतात. पोथीच्या डोळ्यांनी बघितलं तर हा वात वाटेल, सांध्याला तेल लावाल. दोष तेलाचा नाही, पण मूळ हिमोग्लोबिनच्या जनुकात आहे आणि ते चरकाला कळायचा मार्गच नव्हता. इथे लागते रक्ताची तपासणी, हायड्रॉक्सियुरिया हे औषध, भरपूर पाणी, तापात लगेच उपचार. लग्नाआधी दोघांची तपासणी. २०२३ पासून सिकल सेलसाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे, गावात पथक आलं तर बोट पुढे करा.

सातपुड्याचा विषय निघालाच आहे तर चरकाचा आणखी एक श्लोक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणतो, औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक. मात्र नुसतं नाव आणि रूप कळून भागत नाही, कुठल्या माणसाला, कधी, किती द्यायची हे ज्याला कळतं तोच वैद्य. पावरा आणि भिल्ल म्हाताऱ्यांकडून मी जितक्या वनस्पती ओळखायला शिकलो तितक्या कॉलेजच्या बागेत नाही शिकलो. पण ‘किती द्यायची’ हा अर्धा श्लोक सगळेच विसरतात. करोनाच्या साथीत घरोघरी लिंबावरची गुळवेल उकळली गेली, महिनोन्‌महिने, अंदाजाने. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशा ६ रुग्णांची यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला, दुसरीच मिळतीजुळती वेल असेल असं म्हटलं. असेलही. पण वेल चुकीची असो की मात्रा, ‘अविज्ञातम्’च ना?

रसौषधींचं तसंच. पारा, शिसं, सोमल (आर्सेनिक) यांची भस्मं मुख्यतः चरक-सुश्रुतांच्या नंतरच्या रसशास्त्राची देणगी. २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात निघालं. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणंही वैद्यकीय नियतकालिकांत येत असतात. पहिल्या दिवसापासून जादूसारखा गुण आला तर मला आनंद होत नाही, शंका येते. लेबलवर परवाना क्रमांक, घटक, बॅच, तारीख नसेल तर ती पुडी घरात ठेवू नका.

वाग्भटाने आपल्या ग्रंथाच्या शेवटी एक खोचक प्रश्न विचारलाय. ऋषींनी लिहिलं एवढ्यावरच प्रेम असेल, तर चरक-सुश्रुत सोडून भेळासारख्या इतर ऋषींचे ग्रंथ का वाचत नाही? तेव्हा जे चांगलं सांगितलंय ते घ्यावं. हे वाग्भट, आयुर्वेदाच्या आतला माणूस, आपल्याच लोकांना सुनावतोय.

जिभाऊ अखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, परत आले. मधल्या काळात गोळ्या चालू होत्या, सकाळी तापीच्या बाजूला तासभर चालणं होतं (पायात चपला घालून), रोजच्या गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी. साखर १४८. अखाजीला लेक माहेरी आलेली, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी कबूल केलं.

“मांडा खादा, डॉक्टर. पन अर्धाच.”

“आन रस?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.